डिकीतला निळा तुकडा

नात वस्त्रकला शिकते. गेल्या हिवाळ्यात ती विश्रांतवाडीला माझ्याकडे आली ती आजीच्या जुन्या साड्या मागायला. तिला गोधडी शिवायची होती. जपानात ठिगळ लपवत नाहीत, ते दिसेल असे शिवतात. बंगाली बायका जुन्या साड्यांचे थर धावदोऱ्याने जोडून त्यावर मासे, फुले काढतात. सिंधकडेही चिंध्यांचीच पांघरुणे. हे सर्व तिने मला उभ्याउभ्या ऐकवले.

"सगळीकडे नियम एकच, आजोबा. कापड अंगावर झिजलेलं हवं."

"साड्या नाहीत."

"म्हणजे?"

"भांडीवालीला दिल्या."

पत्नीला जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. कपाट रिकामे हवे होते. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई दारावर आली. गठ्ठा न उलगडता दिला, वर घासाघीस केली. बदल्यात काय मिळाले, तेही नातीला सांगितले.

"आजीच्या सगळ्या साड्यांचं एक पातेलं?"

"झाकणासकट."

पातेले शेगडीवरच होते. त्यात तिच्यासाठी चहा उकळत होता. तिने गॅस बंद केला. चहा घेतला नाही.

ती चपला घालू लागली तेव्हा मी म्हणालो, "एक तुकडा आहे. स्कूटरच्या डिकीत."

निळ्या सुती साडीचा तो तुकडा मी गठ्ठा बांधण्याआधीच फाडून ठेवला होता. आठवण म्हणून नव्हे. सुती कापड पाणी चांगले टिपते. रोज सकाळी मी त्याने स्कूटर पुसत असे.

तिने तो पुन्हापुन्हा धुतला. ऑइलचा डाग गेला नाही.

"डागाची बाजू आत घे," मी सुचवले.

"आजीचं एवढंच उरलंय. तेही आत घालू?"

बाकीची गोधडी माझ्या जुन्या सदऱ्यांची झाली. मध्ये निळा तुकडा, डाग वर.

महाविद्यालयाच्या प्रदर्शनात ती भिंतीवर टांगली होती. माझ्याच वयाच्या एक बाई गोधडीपाशी बराच वेळ थांबल्या. तुकडा कोणाचा, हे नातीने त्यांना सांगितले.

"किती जपून ठेवलंत हो आपण," त्या मला म्हणाल्या. "आमच्याकडे एवढी आस्था कुणाला?"

नात माझ्याकडे पाहत होती.

"मी त्याने स्कूटर पुसत होतो," मी म्हणालो.

बाईंना तो विनोद वाटला. त्यांनी मैत्रिणीला हाक मारून माझे वाक्य ऐकवले. दोघी हसल्या. नात हसली नाही.

हे खरे आहे, असे पुन्हा सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.