हॉलंडची सवाष्ण

परदेशातून आलेल्या माणसाच्या बॅगेतून चॉकलेटं निघतात, सेंटच्या बाटल्या निघतात. मग तिथे शिकलेली माणुसकी नेमकी कुठे राहते, असं तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही?

मला वाटतं, कारण आमच्या शेजारी एक काका होते. भिलाईच्या स्टील प्लांटमधून अधिकारी म्हणून रिटायर झालेले, सेक्टर दोनमध्येच राहिलेले. काकूंसोबत मुलीकडे हॉलंडला तीन महिने काढून आले आणि त्यांच्या उजव्या हाताला एक सवय लागली. समोर पान थुंकणारा स्कूटरवाला असो की उशिरा आलेली बस, हात हवेत झटकायचा आणि म्हणायचं, "तिकडे असं नसते, बाप्पा!"

त्यांचा आवडता किस्सा मला तोंडपाठ आहे. एका सकाळी, मुलगी कामावर गेलेली असताना, दारात एक गोरी बाई आली. काकांना वाटलं, मुलीची मैत्रीण. त्यांनी उठून नमस्कार केला, सोफ्यावर बसवलं, स्वतः कॉफी केली. काकूंनी तर कुंकू लावून, तांदूळ, सुपारी आणि सफरचंद घालून तिची ओटी भरली. बाईने कॉफी संपवली, ओटी नीट बाजूला ठेवली, कपाटातून व्हॅक्यूम क्लीनर काढला आणि कामाला लागली.

"साफसफाईवाली होती ती!" काका मांडीवर थाप मारायचे. "पण मले काही वाटलं नाही. दर बुधवारी तिच्यासोबत एका टेबलावर बसून कॉफी पेलो. आपल्या लोकायले हे समजतच नाही. काम छोटं-मोठं नसते, बाप्पा!"

त्या बाईचं नाव त्यांना पाठ होतं. तिच्या कुत्र्याचंही. स्वतःच्या घरी अकरा वर्षं भांडी घासणाऱ्या फुलेश्वरीला ते 'ए बाई' म्हणत, आणि तिने यायचं ते मागच्या दाराने. किस्सा रंगात यायचा तेव्हा ती आत पाहुण्यांचे कप विसळत असायची. तिलाही कान आहेत, हे काकांच्या डोक्यात कधी आलंच नाही.

संक्रांतीनंतर काकूंनी हळदीकुंकू केलं. आई आणि मी गेलो होतो. बायका बसल्या होत्या, तेवढ्यात पुढच्या दारातून फुलेश्वरी आली. न्हालेली, ठेवणीतली हिरवी साडी नेसलेली. सतरंजीच्या कडेला बसली आणि तिने पदर पसरला. सवाष्णच हवी हा नियम मला मुळीच मान्य नाही. पण त्यांच्या त्या नियमातही ती चोख बसत होती. काकूंचा करंडा हातातच राहिला. त्यांनी काकांकडे पाहिलं.

"ए बाई, पीछे से आ. इधर मेहमान बैठे हैं," कोपऱ्यातल्या खुर्चीतून काकांनी हात झटकला.

ती उठली नाही. "साहब, ओ विदेस वाली बाई घलो त झाड़ू-पोंछा करथे न? तुही मन त बताए रहेव." परदेशातली ती बाईही झाडू-पोछाच करते ना, तुम्हीच तर सांगितलं होतं, असं ती तिच्या छत्तीसगढीत विचारत होती.

बायका सतरंजीची नक्षी पाहू लागल्या. मीही तेच केलं, हे इथे लिहून ठेवते.

"वो वहाँ की बात है," काका म्हणाले. "यहाँ का अलग है."

फुलेश्वरीने रिकामा पदर खांद्यावर घेतला आणि आली त्याच दाराने निघून गेली.

"पाहिलं? डोक्यावर बसून राहिली," काका आम्हाला म्हणाले. "कावून? तर आपणच लाडावून ठेवलं."

दुसऱ्या दिवशी तिचं काम गेलं. तेवढ्यावर थांबले तर ते काका कसले! ओळखीच्या घरोघरी त्यांनी फोन केला: "त्या बाईले ठेवू नका, लय माजली." त्या फोनांनी तिची आणखी दोन घरं गेली. लोखंड वितळवणाऱ्या प्लांटमध्ये सारं आयुष्य काढून हा माणूस इतका थंड कसा राहिला, कोण जाणे.

काका आता पुन्हा हॉलंडला गेलेत, क्वार्टरला कुलूप आहे. त्यांची कीव करायला माझ्याकडे वेळ नाही. फुलेश्वरी अजून काम शोधते आहे. सकाळी सायकल घेऊन सेक्टरमधून फिरते, फाटकाशी थांबून विचारते आणि पुढे जाते.

काकांचा फोन तुम्हालाही आला असेल. तो ऐकून तुम्ही 'बरं' म्हणाला असाल, तर आज एवढं करा: त्यांना उलट फोन लावा आणि ते 'बरं' मागे घ्या. मग तिला कामावर ठेवा.