दादाची छाती आणि लोणच्याची बरणी

तालमीत जायला लागल्यापासून आमचा दादा जेवताना, झोपताना, म्हशीची धार काढतानासुद्धा छाती काढूनच असे. "पैलवानाची छाती बसली की पोरंबी हसत्यात," असं त्याचं म्हणणं.

म्हणूनच पलटणीच्या भरतीत तो छातीवर नापास झाला, तेव्हा गावाला हसू आवरेना. नगरच्या मैदानावर आधी साधी छाती मोजत, मग फुगवलेली. दोन्हींत ठरलेला फरक पडावा लागे. दादा आधीच फुगून उभा. "फुगवा" म्हटल्यावर वाढायला जागाच नव्हती. घरी येऊन म्हणाला, "त्यांची टेपच खोटी हाय."

हसू आलं, पण टिकलं नाही. दुष्काळाचं साल, रानात काडी नाही, आणि आईचे डोळे त्या नोकरीकडे लागलेले.

मी तेव्हा नगरच्या कॉलेजात सायन्सला होते. फुफ्फुसांचा धडा नुकताच झाल्यामुळे शहाणपण उतू जात होतं. मी लोणच्याची मोठी काचेची बरणी पाण्याने भरून पाणी घातलेल्या घमेल्यात पालथी घातली आणि तिच्या तोंडात रबरी नळी सरकवली. छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळा नळीतून सोडायचा. बरणीतलं पाणी जितकं उतरेल तितका आपला दम.

आधी मी फुंकलं. मी म्हणजे शेवग्याची शेंग. पाणी जिथे थांबलं तिथे कोळशाने खूण केली. मग दादाने मांडी ठोकून फुंकलं. त्याचे डोळे लाल झाले, पण पाणी माझ्या खुणेपर्यंतही उतरलं नाही. आईने तोंडाला पदर लावला.

"तू घेतोस भरपूर, पण सोडत नाहीस," मी म्हणाले. "आतली हवा जोर लावून काढ, मगच नवी मावेल."

"समदी काढली तर मरंन की मी."

"नाही मरत. कितीही काढलीस तरी थोडी आत उरतेच."

मरणापेक्षा त्याला बसलेल्या छातीची लाज जास्त होती. म्हणून तो दाराला कडी लावून फुंकायचा. बरणी अडकल्यामुळे त्या साली घरात लोणचं झालं नाही.

पुढच्या भरतीत तो भर मैदानात छाती पाडून उभा राहिला, मग फुगला आणि पास झाला.

निघाला त्या दिवशी यष्टीच्या खिडकीशी छाती काढूनच बसला होता. गाडी हलली आणि त्याची छाती हळूहळू बसत गेली.

"असा का गं बसला त्यो?" आईने घाबरून विचारलं.

"श्वास सोडतोय," मी म्हणाले.

पुढच्या साली कैऱ्या आल्या तरी आईने फळीवरच्या बरणीला हात लावला नाही. "आता तरी लोणचं घाल," मी म्हणाले.

"त्यो सुट्टीवर येऊन फुकनार हाय," आई म्हणाली. "लोनचं न्हाई खाल्लं म्हून कुनी मरत न्हाई."