नावाने मागा

नाव घेऊन मागितल्याशिवाय माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीकडून साक्षात परमेश्वरालाही काही मिळणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. लग्नानंतर पहिल्यांदा मालाडला त्यांच्या घरी जेवायला गेलो, तेव्हा संकोचाने नुसतं बोट दाखवून "ताई, जरा ते वाढा ना" म्हणालो. ताई हातात डाव घेऊन तशाच उभ्या. "ते म्हणजे काय, भाऊजी?" मला, वरणभातावर वाढलेल्या माणसाला, त्या पदार्थाचं नाव कुठून ठाऊक असणार? बायको गालातल्या गालात हसत होती, पण सांगत नव्हती. शेवटी ताईंनीच शिकवलं, माझ्याकडून म्हणून घेतलं आणि मगच ताटात जवळा, म्हणजे ती इवलीशी कोलंबी, पडला. या दोघी बहिणींचं माहेर वेसाव्याच्या कोळीवाड्यातलं. त्यांची आई बाजारात मासळी विकायची आणि "ती चकचकीत द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला सरळ शेजारणीकडे पाठवायची. ज्याला नाव माहीत नाही त्याला काय हवंय तेही माहीत नाही, असं तिचं म्हणणं. थोरल्या लेकीने ते जसंच्या तसं उचललं.

आणि उचललं ते थेट अंधेरीच्या ऑफिसात नेलं. ताईंची कंपनी गावोगावच्या छोट्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. त्याच्या साऱ्या फायली, कोणी कधी काय बदललं, काय खोडलं या इतिहासासकट, एका सर्व्हरवर असतात आणि त्या सर्व्हरची राखण ताईंकडे होती. उदगीरच्या किंवा देवगडच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर तिथे एखादं व्हर्जन मागतो, सर्व्हर तेवढ्याच फायलींचं गाठोडं बांधून धाडून देतो. इतिहास घरातच राहतो. तपासून पक्क्या झालेल्या व्हर्जनला ताई नाव द्यायच्या. कच्च्या कामाला नुसता लांबलचक नंबर असतो आणि नंबर सांगून मागितलं की सर्व्हर चक्क नाही म्हणतो. हा नियम सर्व्हरमध्ये मुळातच असतो, असं ताई सांगतात. माझी खात्री आहे की तो त्यांच्याकडूनच शिकला.

नावं अर्थातच मासळीची. सुरमई, मांदेली, बोंबील, हलवा. उदगीरचे मुलांचे डॉक्टर कडक शाकाहारी, तेही फोनवर आवाज खाली आणून म्हणायचे, "ताई, आमच्याकडे अजून मांदेलीच आहे, हलवा कधी येणार?" ताई गंभीरपणे सांगायच्या, "हलवा अजून तपासतेय, डॉक्टर. कच्चा देणार नाही." घरीही हाच खाक्या. बायकोने कालवणाची कृती विचारली की डबा भरून हातात. "तयार झालंय ते घेऊन जा गं. कसं झालं ते माझ्याकडे राहू दे." आमच्या घरात ताईंचे डबे पुष्कळ आहेत, कृती एकही नाही.

ताई निवृत्त झाल्या त्या दिवशी ऑफिसात निरोपाचा समारंभ होता, म्हणून आम्ही दोघंही अंधेरीला गेलो. आइस्क्रीमचा केक आला होता, भाषण लिहून आणलेले तरुण साहेब घसा खाकरत होते, तेवढ्यात उदगीरचा फोन. वजनावरून औषधाचा डोस सांगणारा भाग चुकत होता. डॉक्टर सगळं हाताने मोजत बसले होते आणि बाहेर लेकरं घेतलेल्या आयांची रांग लागली होती. दुरुस्ती आदल्या दिवशीच झाली होती, पण तपासणी बाकी, म्हणून नाव नव्हतं. साहेबांनी फोनवर नंबर सांगितला, डॉक्टरांनी त्या नंबराने मागून पाहिलं, सर्व्हरने नकार दिला.

"ताई, तो नंबरवाला नियम काढून टाका ना यार, एका मिनिटाचं काम आहे," साहेब म्हणाले. "नाहीतर पटकन काहीतरी नाव देऊन टाका. केक वितळतोय."

"सर, चुकीचा डोस गेला तर लेकरांची वाट लागेल," ताई म्हणाल्या. "डॉक्टर, तोवर हातानेच मोजा. तपासल्याशिवाय मी नाव देणार नाही." आणि केसांतला गजरा सावरत खुर्चीत जाऊन बसल्या.

एकेक वजन टाकून डोस पडताळत राहिल्या. मोठ्या मुलांचं सगळं बरोबर आलं. मग त्यांनी तान्ह्या बाळाचं वजन टाकलं आणि डोस दुप्पट आला. ज्यांनी दुरुस्ती केली होती त्यांना ताईंनी केकसमोरून उठवून आणलं, चूक काढायला लावली आणि पुन्हा पहिल्यापासून तपासलं. साहेबांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात टाकला आणि ताईंसाठी स्वतः चहा घेऊन आले. त्या माणसाबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.

व्हर्जन पक्कं झालं. आता नाव. ताई पडद्याकडे बघत बसल्या. इतकी मासळी जन्मभर ओळखणाऱ्या बाईला एकही नाव आठवेना. शेवटी त्यांनी फोनवरच विचारलं, "डॉक्टर, तुम्हीच सांगा. काय नावाने मागाल?"

पलीकडून जराही न थांबता उत्तर आलं, "ताई."

ताईंनी तेच टाइप केलं. उदगीरहून मागणी आली, सर्व्हरने निमूटपणे गाठोडं बांधून दिलं आणि आम्ही पातळ झालेला केक चमच्याने खाल्ला.

आता ताई घरीच असतात. सुरुवातीला ऑफिसातून अडलंनडलं विचारायला फोन यायचे, मग तेही थांबले. नव्या व्हर्जनना म्हणे आता तारखांचीच नावं देतात. ताई त्यावर काही बोलत नाहीत, पण त्यांचं स्वयंपाकात पूर्वीसारखं लक्ष नसतं. मला त्याचं वाईट वाटतं.

परवा जेवायला गेलो होतो. ताई वाढता वाढता सांगत होत्या, "उदगीरचा फोन आला होता, भाऊजी. डॉक्टरांचा कॉम्प्युटर बिघडला, नवीन घेतला. त्यावर त्यांनी परत तेच मागितलं, माझ्या नावाचं. लगेच मिळालं म्हणाले." एवढं बोलून त्या डाव हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मी ताट पुढे केलं आणि पहिल्या दिवसासारखंच म्हणून गेलो, "ताई, जरा ते वाढा ना."

त्यांनी काहीही न विचारता वाढलं.