सुभेदारसाहेबांचा आउटपास

वारंगा फाट्यावर चहा विकणाऱ्या सुभद्रामावशींचं नाव आधी लिहितो. त्या नसत्या तर माझी नोकरी गेली असती, आणि सुभेदारही.

आठवीत शाळा सुटली. फौजेत ट्रेड्समन झालो, नाईक होऊन पेन्शनवर आलो. गाव लांब, चंदगडकडं. नवी पोस्टिंग इथं, हळदीच्या गोदामावर गार्ड. सोबतीला मालकांचा कुत्रा, नाव सुभेदार. रँकनं मोठा, म्हणून मी त्याला साहेब म्हणायचो.

सहाला पीटी, सातला भाकरी, ताजं पाणी, सावली. सगळं बराबर. चूक एकच. फौजेत मला सुट्टी कधी वेळेवर मिळाली नाही, ते मनात राहिलेलं. म्हणून दर रविवारी अकरा ते बारा साहेबांना आउटपास. साखळी काढायची, मोकळं सोडायचं. साहेब पाच मिनिटं आधी हजर व्हायचे.

त्या रविवारी बारा वाजले, साहेब नाहीत. बारा पाचला फाट्यावर आरडाओरड. धावलो. जीपवाल्याचा पाय शेपटीवर पडला होता आणि साहेबांनी त्याची पोटरी धरली होती.

"इंजेक्शन देल्लंय का याला?" जीपवाला ओरडला.

मालकांनी दिलं असेल, असं मी धरून चाललो होतो.

"मालकाला फोन लाव. कुत्रा अन् गार्ड, दोघंबी घालवतो आज!"

"आधी पाय इकडं कर," मावशी म्हणाल्या. साबण लावून नळाखाली घड्याळ बघत पंधरा मिनिटं जखम धुतली. मग डब्यातून एक कार्ड काढलं. शेळ्यांना टोचायला डॉक्टर आले तेव्हा आउटपासवरचे साहेब टपरीवरच होते. मावशींनी त्यांनाही रेबीजचं टोचून घेतलं होतं. कार्डावर मालकाचं नाव: फौजी.

"मावशी, मालक मी कसा?"

"चारतो कोन? फिरवतो कोन? मंग मी व्हय?" जीपवाल्याला म्हणाल्या, "कार्ड हाय, तरी दवाखान्यात जाय. एकबी सुई चुकवू नको." मग माझ्याकडं वळल्या. "अन् तू काहून मोकळं सोडून राहिला त्याला?"

"आउटपास होता."

जीपवाला कण्हता कण्हता हसला. "माह्या पोटरीला पास दाखवला न्हाई त्यानं."

फोन झाला नाही. प्रत्येक सुईला मी त्याच्यासोबत दवाखान्यात हजर होतो. पुढचे रविवार साखळीच्या एका टोकाला साहेब, दुसऱ्या टोकाला मी.

गेल्या हिवाळ्यात साहेब म्हातारपणानं गेले. गोदामामागं लिंबाखाली पुरलं, सॅल्यूट केला. मावशी टपरी उघडी टाकून आल्या, हात जोडले, लगेच परतल्या. दूध उतू जात होतं.

त्यांची लेक गोरेगावला असते. टपरीपायी जाणं होत नाही. आठ दिवस टपरी मी सांभाळीन. मावशींना आठ दिवसांचा आउटपास, सही माझी.