विहिरीत सोडलेला फोन

मी बेळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. मिश्रणातला प्रत्येक वायू आपापला दाब देतो आणि त्यांची बेरीज म्हणजे एकूण दाब, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो.

गेल्या उन्हाळ्यात संकेश्वरजवळच्या आमच्या शेतात अण्णा, माझा थोरला भाऊ, आटलेल्या विहिरीतली मोटर काढायला उतरणार होता. मी हवेचा दाब नोंदवणारा माझा फोन ऐटीत पिशवीत घालून तळापर्यंत सोडला, वर ओढून आकडा बघितला.

"दाब बरोबर हाय अण्णा, म्हंजे खाली हवा ठीक हाय. उतर बिनधास्त."

"असंल की. पर दिवा सोडल्याबिगार उतरायचं न्हाय."

त्यानं बादलीत पेटता कंदील ठेवून दोर सोडला. अर्ध्यावरच कंदील विझला.

बेरीज बरोबरच होती. फक्त प्राणवायूचा वाटा दुसऱ्याच वायूनं खाल्ला होता. एवढं साधं मला, मास्तराला, सुचलं नाही, आणि मी सख्ख्या भावाला खाली धाडत होतो.

अण्णानं कंदील वर ओढला आणि उतरणं रद्द केलं. दुपारी शेजारचे शेतकरी आले, तेव्हा त्यांना म्हणाला, "ह्यो आमचा धाकटा. कालेजात ग्यासचंच शिकवतोय."

त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. असती तर बरं झालं असतं.