खुर्चीवर राहिलेला रुमाल

एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून तुम्ही कधी जागा अडवली आहे का? खरं सांगा. मी नाही अडवली. घरात चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून वाढलो. रुमाल म्हणजे मला छोटी सरंजामशाहीच वाटते.

म्हणून यवतमाळच्या एका अभ्यासिकेला मी खुर्च्यांच्या नोंदणीचा प्रोग्राम जावा भाषेत लिहून दिला. मोबाइलवर लॉगइन केलं की खुर्ची तुमची. सेशन, म्हणजे तुमची बैठक, संपलं की दुसऱ्याची. उभं राहायची पाळी कोणावरच नको!

आणि एक दिवस कळंबकडच्या तांड्यावरून येणारी एक मुलगी मला पायऱ्यांवर बसलेली दिसली. वनरक्षकाची परीक्षा तोंडावर, मांडीवर पुस्तक.

"काहून बाहेर?"

"आत खुर्च्या रिकाम्या हायेत दादा, पण मोबाइलवर साऱ्या भरलेल्या. तुमच्या कॉम्प्युटरनं बी रुमाल टाकला का?"

"मी दहादा तपासलं होतं!"

"लॉगआउट करून तपासलं असान. इथं लोक चहाले जातात अन् तिकडूनच घरी. लॉगआउट कोण करते?"

तिच्या शेजारीच बसून लॅपटॉप उघडला. सेशन संपताना जागा होणारा कोडचा तुकडा, म्हणजे माझा लिसनर, खुर्चीची नोंद सांभाळणारी वस्तू, म्हणजे बीन, फेसेस कॉन्टेक्स्टकडे मागत होता; आणि हा कॉन्टेक्स्ट जगतो रिक्वेस्टपुरताच. लॉगआउटचं बटण दाबलं की मोबाइलकडून आलेली मागणी, म्हणजे रिक्वेस्ट, चालू असते, म्हणून कॉन्टेक्स्ट सापडतो. माणूस गुपचूप निघून गेला की सर्व्हर मागाहून सेशन मिटवतो. तेव्हा रिक्वेस्टच नसते, हाती येतो भोपळा. उतरून गेलेल्या प्रवाशालाच विचारायचं, रुमाल कोणाचा? बीन तर सेशनच्याच पिशवीत होता आणि ती पिशवी लिसनरच्या हातात! ओळ बदलली: सेशन संपल्याची वर्दी आणणाऱ्या इव्हेंटमधून सेशन घे, त्यातून बीन नावानं काढ, खुर्ची सोड.

नवा कोड चढवला, अडकलेल्या खुर्च्या सुटल्या.

"आज सुटल्या. उद्या?" ती जागची हलेना. "तुम्ही मोबाइलवर खिडकीजवळची खुर्ची घ्या, अन् चला चहाले. लॉगआउट करायचं नाही, सांगून ठेवते."

आयुष्यात पहिल्यांदाच मी रुमाल टाकून निघालो. टपरीवर एक चहा झाला, मग दुसरा सांगितला. ती मोबाइलवर डोळे लावून होती.

"सुटली!" अर्धा कप तसाच ठेवून ती पळाली. मी आत गेलो, तर खिडकीजवळ पुस्तक उघडून बसलेली. वर पाहायलाही फुरसत नाही.

तेव्हा विनंती आहे. तुम्ही प्रोग्राम लिहीत असाल, तर आज लॉगआउट न करता चहाला जा, आणि परतल्यावर खुर्ची सुटली का पाहा. लिहीत नसाल, तर उठताना लॉगआउट करा. पायरीवर कोणीतरी बसलेलं असतं.