पाचवं शील आणि येळवशीची भज्जी

आमच्या घराण्यात आजवर एकाच माणसानं भांग घेतली आहे, आणि तो माणूस दर रविवारी विहारात सगळ्यांना पंचशील सांगतो. तो माणूस मी.

हेतू शुद्ध होता. (ज्याच्या हातून गोंधळ होतो त्याचा हेतू नेहमी शुद्धच असतो.) माझे थोरले भाऊ अण्णा, वहिनी गेल्यापासून आमच्याकडेच राहतात. त्यांना पोटाचा कॅन्सर झाला. सोलापूरला उपचार सुरू होते, पण अन्न पाहिलं की अण्णा तोंड फिरवायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ‘वजन वाढलं नाही तर पुढचा डोस देता येणार नाही.’ सुनंदा, माझी बायको, रोज नवं काहीतरी करायची आणि रोज ताट तसंच उचलायची.

मी शिकवतो त्या शाळेतले एक सर म्हणाले, “भांगेनं भूक खवळती बघा. पानपट्टीवर गोळी मिळती.”

“आधी डॉक्टरला विचारा,” सुनंदा म्हणाली.

पण व्यसनमुक्तीवर भाषणं देणाऱ्या माणसानं डॉक्टरला भांगेबद्दल विचारायचं कसं? मी ठरवलं, आधी स्वतःवर प्रयोग करायचा, मगच अण्णांना द्यायची. याला मी जबाबदारी समजत होतो!

दिवस निवडला येळवशीचा. त्या अमावस्येला आमच्या भागात सगळी माणसं शेतात जेवतात. पूजा आमच्यात नाही. पालेभाज्या-ओल्या दाण्यांची भज्जी आणि ताकातली आंबील मात्र आहे. चिंताकीजवळच्या आमच्या शेतात, ज्वारीच्या कडेला, कडब्याची कोप बांधली. अण्णा आत पातेल्याकडं पाठ करून बसले. मी मोटारसायकलची किल्ली सुनंदाच्या हातात दिली.

“ही कामून?”

“मी भांग घ्यायलाव. मला गाडी चालवू देऊ नको. माझ्याकडं लक्ष ठेव.”

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की लक्ष तर ती लग्नापासूनच ठेवून आहे.

मोबाईलवर वाचलं होतं : थोडी घ्या, दोन तास वाट पाहा, लगेच दुसरी घेऊ नका. मी अर्धी गोळी घेतली. अर्धा तास झाला. काही नाही! शून्याला कितीही गुणलं तरी शून्यच, हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवतो. म्हणून उरलेली अर्धी घेतली, आणि वर आणखी एक.

मग एकदम सगळी ज्वारी माझ्याकडं बघू लागली.

तोंड कोरडं पडलं, छाती धडधडू लागली आणि पोटात भुकेचा असा आगडोंब उसळला, की मी भज्जीच्या पातेल्यासमोर मांडीच ठोकली. बाजरीच्या पिठाचा वाफवलेला एक उंडा, दुसरा उंडा... मध्येच घाबरलो.

“सुनंदा, मी घास गिळला का गं?”

“गिळलाव! चार उंडे गिळलाव!”

“मग हे तोंडात कुणाचं हाय?”

शेजारच्या शेतातून जेवायला आलेल्यांत खसखस पिकली. मला वाटलं, मी मरणार. मरताना शील म्हणावं, म्हणून हात जोडून सुरू केलं. चार शीलं सुरळीत झाली. पाचव्याशी आलो, नशा न करण्याच्या, आणि हुंदका फुटला.

“सुनंदा, ह्याच्या पुढचं आठवंना झालंय गं!”

“पाचच असतेत वो! पुढं काही न्हाई!”

आणि अण्णा हसले. पोट धरून हसले. कित्येक महिन्यांत घरानं तो आवाज ऐकला नव्हता. मी रडत रडत आंबिलीच्या गाडग्याकडं हात नेला, तसे अण्णा ओरडले,

“आगं सुनंदा, काढ ते गाडगं त्याच्यापसून! मला काय ठेवायलाय का न्हाई ह्यो?”

अण्णांनी गाडगं ओढून घेतलं. आंबील प्याले. मग पातेलं खरवडून भज्जी खाल्ली. सुनंदा पदरानं डोळे पुसत होती आणि मी विचारत होतो, “कोण मेलं?”

मला शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये, कडब्याच्या पेंढ्यांबरोबर घरी आणलं. उठलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी.

सोलापूरला डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. अण्णांच्या गोळ्यांवर ही गोळी पडली असती, तर झापड येऊन, भोवळ येऊन कुठं पडले असते कोण जाणे, असं म्हणाले. “विचारायला काय जात होतं?” मी मनात म्हणालो, माझी लाज वाचत होती, डॉक्टर, तेवढ्यापायी भाऊ गेला असता. उरलेली पुडी सुनंदानं कधीच गटारात टाकली होती.

अण्णांचं वजन वाढलं. पुढचा डोस मिळाला. अजूनही एखाद्या दिवशी घास उतरत नाही, तेव्हा ते ताट जरा सरकवतात आणि म्हणतात, “सुभ्या, पाचवं शील म्हण की जरा.”

मी खाली मान घालून म्हणतो. विहारात ते मी सगळ्यांना सांगतो. घरी मात्र अण्णांच्या भाकरीला तोंडी लावायला लागतं.